मागच्या सीटची सांद

“आजी, लाल बटण दाबा. अंगठ्यानं. जरा जोर लावून,” दुकानातली मुलगी म्हणाली.

मी जोर लावला. जरा नाही, चांगला लावला. बटण ढिम्म हललं नाही. पट्ट्यांमध्ये जखडलेली प्लास्टिकची बाहुली डोळे वटारून माझ्याकडे बघत राहिली.

“नवीन आहे ना, म्हणून कडक असेल,” मी म्हणाले.

“नाही हो, मुद्दामच कडक ठेवतात. पोरांनी स्वतः उघडून बाहेर येऊ नये म्हणून.”

पोरांनी आणि म्हाताऱ्यांनी, असं माझ्या मनात आलं. मी मागे वळून पाहिलं. माझी लेक दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, एक हात कमरेवर आणि एक पोटावर ठेवून, दुपट्यांचे ढीग चाचपत होती. जावई तिच्या शेजारी मोबाइलमध्ये डोकं घालून उभे. कुणाचं लक्ष नव्हतं. मी हळूच हात काढून घेतला आणि सीटच्या कापडावरून बोट फिरवू लागले, जशी काही शिवण बघायलाच आले होते.

शिवण वाईट नव्हती. कोपऱ्यांवर टाके दाटले होते, एवढंच. आयुष्यभर मी गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवली. अजून कुणाच्या घरी सोफ्यावर बसले की यजमानीण पाणी आणायला आत जाते आणि माझा हात गादीच्या कडेला जाऊन शिलाई तपासतो. खोड आहे ती, जात नाही.

त्या लाल बटणावर माझं काय अडलं होतं, ते सांगते. माझी लेक एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. तिला घरात सगळे ठकू म्हणतात आणि ती स्वतः आई व्हायची वेळ आली तरी कुणाला वेगळं नाव सुचलेलं नाही. बाळंतपणाची रजा संपली की ती कामावर जाणार आणि बाळाला मी सांभाळणार, असं आमचं ठरत आलं होतं. ठकू कामाच्या बसने जाईल, गाडी घरी राहील. रोज दुपारी मी बाळाला गाडीत घालून तिच्याकडे न्यायचं, तिने जेवणाच्या सुट्टीत त्याला पाजायचं आणि मी परत घरी घेऊन यायचं. गाडी मला चांगली चालवता येते. कारखान्यात गिऱ्हाइकांच्या गाड्या आत-बाहेर करता करता शिकले आणि त्यातल्या एकीलाही कधी ओरखडा आणला नाही.

“गाडी तू चालवशील गं आई, त्याची मला काळजी नाही,” ठकू म्हणाली होती. “पण बाळाला सीटमध्ये घालायचं, काढायचं, सगळं तुला एकटीला करायला लागणार. मध्येच ठसका बिसका लागला तर पटकन काढता यायला हवं.”

“तुला काय शेजाऱ्यांनी वाढवलं?”

“तसं कुठं म्हणतेय मी? नाहीच जमलं तर लॅबच्या शेजारी पाळणाघर आहे. छान आहे. मी बघून आलेय.”

बघून आलेय! ते दोन शब्द माझ्या डोक्यात कुसळासारखे रुतून बसले. बाळ पाळणाघरात गेलं, की मला ते रविवारी भेटणार. मी खेळणं घेऊन जाणार, थोडा वेळ बसणार, आणि बाळ मला ओळखतंय तोवर निघायची वेळ होणार. पाहुण्या बाईसारखी.

माझे अंगठे ठकूला पूर्ण ठाऊक नव्हते. जाड रेक्झीनमधून दाभण रेटून रेटून दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी गाठी आल्या आहेत. थंडीत तर ते माझे आहेत की शेजारणीचे, कळत नाही. बरणीचं झाकण मी दाराच्या फटीत धरून फिरवते. दुधाच्या पिशवीचा कोपरा कात्रीने कापते. ठकू आली की आधीच सगळी झाकणं सैल करून ठेवते. आता ह्या सीटचं बटण काही आधी सैल करून ठेवता येणार नव्हतं.

“आजी, तुम्हाला फिरती दाखवू का?” दुकानातली मुलगी म्हणाली. तिने पाहिलं होतं बहुतेक. पण काही बोलली नाही, त्याबद्दल मी तिला मनातल्या मनात शंभर मार्क देऊन टाकले.

फिरती सीट एका जड बैठकीवर बसवलेली होती. मुलीने बाजूचा खटका ओढला आणि बाहुलीसकट सगळी सीट गर्रकन माझ्याकडे वळली. समोरासमोर. जसं काही बाहुली म्हणाली, “हं, बोला, काय काम आहे?”

“असं दाराकडे तोंड करायचं, बाळाला बसवायचं, पट्टे लावायचे आणि मग मागं फिरवून टाकायचं. लहान बाळं उलटीच बसवायची, पाठीमागे तोंड करून. इथं हिरवं दिसलं की समजायचं, नीट लॉक झालं.”

“म्हणजे गाडी पुढं चालली तरी बाळ बघणार मागचा रस्ता?”

“मागची काच बघणार. आणि दाराकडे फिरवली की तुम्हाला.”

मला ते आवडलं. ठकूला दवाखान्यातून मी मांडीवर घेऊन आणलं होतं, कारखान्याच्या टेंपोत, पुढच्या सीटवर, फोमच्या गुंडाळ्यांच्या मधोमध. तेव्हा कसले पट्टे आणि कसलं काय. मालकांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. ते स्वतः टेंपो चालवत होते, आणि इतका हळू की मागच्या सायकलवाल्याने घंटी मारून मारून बोट दुखवून घेतलं असेल. “वाजव बाबा वाजव, आमच्याकडं काच सामान आहे,” असं मामा खिडकीतून त्याला सांगत होते. ठकूचे वडील ती रांगायच्या आत गेले. मग ती कारखान्यातच वाढली, फोमच्या ढिगावर झोपून आणि कव्हरांच्या कडेला लावायच्या पाइपिंगच्या तुकड्यांशी खेळून.

मी बाहुलीसमोर वाकले. आधीच्या सीटमध्ये बाजूने एकच हात आत जात होता, तोही वाकडा. इथे दोन्ही हात मोकळे होते. आणि माझ्या हातांना एकदम आठवलं. कव्हरांना टिचबटणं लावायचं काम असे. तेव्हाच अंगठा कुरकुरायला लागला होता, म्हणून मी मूठ वळून मधल्या बोटाच्या पेराने बटण दाबायची आणि दुसऱ्या हाताने खालून टेकू द्यायची. मी डाव्या हाताची बोटं बकलच्या मागे घातली, उजवी मूठ वळली आणि पेर लाल बटणावर टेकवून अंगाचा भार टाकला.

टक! पट्टे दोन्हीकडे पडले. बाहुली मोकळी झाली.

मी पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. टक. आणखी एकदा. टक. मग मात्र मला राहवेना.

“ठकू! इकडं ये गं. जावईबापू, तुम्ही पण या. तो मोबाइल ठेवा खिशात.”

ठकू आली, तशी मी जादूगारासारखी सीट फिरवली, बाहुली कोंबली, पट्टे लावले, सीट मागे फिरवली, पुन्हा पुढे आणली, उघडलं आणि बाहुली उचलून तिच्या हातात दिली.

“घे, तुझं पहिलं बाळंतपण झालं.”

ठकू इतकी हसली की पोट धरून तिला खुर्चीवर बसावं लागलं. “आई, अगं तंगडी धरून काय उचलतेस तिची!”

“खऱ्याला नाही धरणार तंगडी.”

जावई म्हणाले, “माझ्या अभ्यासातही हीच पहिली आली होती, आई.” आमचे जावई पाण्याची बाटली घ्यायची तरी परीक्षेला बसल्यासारखा अभ्यास करतात. माणूस सोन्यासारखा आहे, फक्त दुकानात दमवतो.

“एकच बघायला लागेल,” मुलगी म्हणाली. “हिची बैठक गाडीच्या मागच्या सीटमध्ये अडकवायला लोखंडी कड्या लागतात. बसायच्या भागाची आणि पाठीची जिथं गाठ पडते ना, त्या सांदीत असतात. तुमच्या गाडीला आहेत का?”

जावई घुटमळले. गाडी त्यांनी एका ओळखीच्या माणसाकडून घेतली होती, वापरलेली. माहितीचं पुस्तक त्या माणसाने आधीच हरवलं होतं. “चला, खाली जाऊन बघू,” ते म्हणाले आणि तिघं जिन्याकडे वळली. ठकूला मी थांब म्हटलं, पण तिला थोडं चालायचं होतं.

मी बाहुलीपाशी बसले आणि खुशीत इकडे तिकडे बघत राहिले. दुकानभर छोट्या छोट्या वस्तू होत्या. ते तिघं जी गाडी बघायला गेले होते, तिच्या मागच्या सीटचं कव्हर हे माझं शेवटचं काम. ठकूकडे गाडी आली तेव्हा मी मशीन विकून टाकायच्या बेतात होते. म्हटलं, एवढं एक करू. राखाडी रंगाचं जाड रेक्झीन घेतलं, मरून पाइपिंग लावलं, आणि सांद बुजवली.

सांद बुजवणं ही माझी खासियत. कारखान्यात जुनी सीट उघडली की त्या सांदीतून काय काय निघायचं! नाणी, केसांच्या पिना, चाव्या, शेंगदाणे, एकदा दुधाचा दात निघाला होता. मामा ते सगळं एका डब्यात ठेवायचे आणि गिऱ्हाईक आलं की डबा पुढे करायचे, “तुमचं काय काय आहे ते घ्या बुवा.” एकदा एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ आले. त्यांच्या सीटमधून मला लहान बाळाचा विणलेला मोजा मिळाला होता. रंग विटलेला, पण वीण शाबूत. मी तो त्यांच्या हातात ठेवला. ते पुष्कळ वेळ तो तळहातावर घेऊन उभे राहिले. मग “मुलीचा असेल,” एवढंच म्हणाले, मोजा शर्टाच्या खिशात घातला, आणि गाडी न घेताच रस्त्यापर्यंत चालत गेले. मामांना हाक मारून त्यांना परत आणावं लागलं.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. लोकांचं असं काही हरवू नये, असं वाटलं. त्यानंतरच्या प्रत्येक कव्हरात मी बसायचा भाग आणि पाठ यांच्या मधे कापडाची एक पट्टी आतून शिवायला लागले. सुईसुद्धा आत जाणार नाही अशी. गिऱ्हाइकं खूश झाली. “त्या सांद बुजवणाऱ्या बाईंकडूनच करून द्या,” असं सांगत यायची. मामा म्हणायचे, “बाई, तुमच्यामुळं माझा डबा रिकामा राहायला लागला.”

जिन्यावर पावलं वाजली. जावई आधी आले. त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं.

“नाहीत कड्या. ह्या मॅडमनी हात घालून बघितलं.”

“गाडी जुनी असली की नसतात कधी कधी,” मुलगी म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं. “मग पट्ट्यानं बांधायची साधी सीट घ्यावी लागेल. ती मघाची. सुरक्षित तीही आहे.”

ठकू धापा टाकत वर आली आणि त्या पहिल्या सीटसमोर उभी राहिली. “ठीक आहे की मग ही. आई, ये ना, हिच्यात एकदा करून बघ.”

आता सुटका नव्हती. मुलीने सीट एका बाकावर ठेवली, गाडीतल्यासारखी, बाजूने. मी हात आत घातला. दुसरा हात घालायला गेले तर खांदा अडला. मूठ वळायला जागा नव्हती. अंगठा लावला. दाबला. दात खाऊन दाबला. डोळ्यांत पाणी आलं ते मी खोकल्यावर घालवलं.

ठकू बघत होती. ह्या वेळी तिने सगळं पाहिलं. माझा हात तिने हळूच बाहेर काढला आणि अंगठ्याच्या गाठीवरून बोट फिरवलं.

“हे कधीपासून गं?”

“आहे थोडं. सकाळी असतं, मग जातं.”

“आता दुपार आहे, आई.”

तिने माझा हात सोडला नाही, पण तिचा आवाज बदलला. दवाखान्यात पेशंटशी बोलतात तसा झाला. “बघू. घाई नाही. पाळणाघर आहेच. तू रोज संध्याकाळी येत जा ना घरी, आम्ही येऊ घेऊन तोवर.”

संध्याकाळी येत जा! रविवारचं संध्याकाळवर आलं, म्हणजे माझ्यावर दयाच केली म्हणायची. मी मान हलवली. दुकानातल्या मुलीला “बरं बाई, त्रास दिला” म्हटलं. बाहुलीचा पट्टा लावून ठेवला. आम्ही खाली उतरलो.

गाडीत मी मागे बसले, माझ्याच रेक्झीनवर. जावई चालवत होते, ठकू पुढे. जावयांनी रेडिओ लावला, ठकूने बंद केला. चौकात लाल दिवा लागला. मी आपली हाताचा चाळा म्हणून मागे पाइपिंगवरून बोटं सरकवत होते. पाइपिंग सरळ, टाके एकसारखे. सांद घट्ट. मनात म्हटलं, हात गेले पण काम राहिलं.

आणि मधेच बोटाला रेक्झीनखाली एक उंचवटा लागला.

बारीकसा. थोडं पुढे सरकवलं, तर तसाच दुसरा. दोन्हींच्या मधे वीतभर अंतर. आणि मला ते कव्हर बेततानाची दुपार लख्ख आठवली. मी सांदीत हात घातला होता आणि आत काहीतरी गार, लोखंडी, बोटाला लागलं होतं. मी म्हटलं होतं, शी, काय हे काम! सांगाडा उघडाच ठेवलाय मेल्यांनी, पोरीला टोचेल. म्हणून मी त्यावर फोमची पट्टी ठेवली आणि वरून शिवून टाकलं. आमच्या काळात सीटमधून लोखंड डोकावलं तर तो कारागिराचा गलथानपणा समजायचे.

“गाडी थांबवा.”

“काय झालं, आई? मळमळतंय का?”

“थांबवा हो जावईबापू, बाजूला घ्या आधी!”

जावयांनी घाबरून एका औषधाच्या दुकानासमोर गाडी उभी केली. मी पर्समधून छोटी टोकदार कात्री काढली. ठकू वळून बघत होती. “आई, कात्री कशाला? आई!”

“गप बस जरा. उजेड सोड.”

पहिला टाका कापताना हात थबकला, खोटं कशाला बोलू. माझा टाका सहसा उसवत नाही. तो मीच उसवत होते. मेण लावलेला दोरा चिवट, कात्रीचं टोक घसरायचं. ठकू म्हणाली, “दे, मी करते.” मी म्हटलं, “तुला शिवण कुठून कुठं गेलीय ते माहितीये का? मग?” एकेक टाका कापत गेले. पट्टी सैल झाली. फोमचा तुकडा निघाला. मी सांदीत बोट घातलं आणि कडीत अडकवलं.

“जावईबापू, हात आणा इकडं.”

त्यांनी मागे हात लांब केला. मी त्यांचं बोट धरून कडीवर ठेवलं. त्यांचे डोळे मोठे झाले.

“आई! ही कडीच आहे!”

“आहे ना. शेजारी दुसरी पण आहे. तुमच्या सासूनं झाकून ठेवली होती.”

ठकू हसायला लागली. आधी फुसफुस, मग मोठ्याने, मग डोळे पुसत. “अगं, त्या मुलीनं किती हात फिरवला बिचारीनं! म्हणत होती, इतकी गुळगुळीत सीट मी बघितलीच नाही. इथं तर सांदच नाही म्हणे!”

“मग! काम कुणाचं आहे?”

“आई, तू धन्य आहेस.”

जावयांनी गाडी वळवली. त्या मुलीने आम्हाला पुन्हा जिना चढताना पाहिलं आणि काउंटरमागून धावत आली. फिरती सीट आम्ही घेऊन गेलो. तिने स्वतः खाली येऊन बैठक बसवून दिली. कड्यांमध्ये बैठक बसली तेव्हा जो आवाज झाला, तो ऐकून जावई आणि ती मुलगी दोघंही एकदमच “वा” म्हणाली.

पण उसवलेलं तसंच ठेवणं माझ्याने होईना. कडेने धागे लोंबत होते, रेक्झीनचा ओठ उलटला होता. मशीन तर विकलेलं. बैठक काढून ठेवली आणि मी हातानेच शिवायला बसले. प्रत्येक कडीभोवती मी एक काज केलं, शर्टाला करतो तसंच, पण मोठं आणि जाड दोऱ्याचं. ठकू शेजारी पाय लांब करून बसायची आणि सुईत दोरा ओवून द्यायची.

“आई, ह्याला कोण बघणार आहे? बैठकीखाली झाकलं जाईल सगळं.”

“मी बघितलंय ना.”

“हात दुखत असेल.”

“दुखतोय. ओव तू.”

एका दमात थोडेच टाके व्हायचे. मग हात गरम पाण्यात धरायचा आणि पुन्हा बसायचं. ठकू आता अंगठ्याबद्दल काही बोलत नव्हती. दोरा मात्र थोडा लांब ओवायची, म्हणजे मला परत परत गाठ मारायला लागू नये. माझ्या लक्षात आलं ते.

काजं पुरी झाली आणि नात आली. इतकी छोटी की त्या सीटमध्ये ती म्हणजे मोठ्या ताटात एक चमचा. दवाखान्याच्या दाराशी जावयांनी सीट फिरवली, ठकूने तिला आत ठेवलं, मी पट्टे लावले. सगळ्यांची बोटं एकमेकांत अडकली. घरी पोचल्यावर ठकू उतरली आणि दाराशी नुसती उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे. जावई पुढे सरसावले तर तिने त्यांना कोपराने ढोसलं.

मी खटका ओढला. नातीचं तोंड माझ्याकडे फिरलं. झोपली होती, ओठ दुमडून. डाव्या हाताची बोटं मागे, उजवी मूठ, पेर. टक. नात दचकली, एक डोळा उघडला, आणि परत झोपली.

“जमलं,” ठकू म्हणाली. पाळणाघराचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

रजा संपून ठकू कामावर गेली त्या पहिल्या दुपारी मी नातीला घेऊन निघाले. आरशात बघायची सोय नव्हती, कारण ती उलटी बसलेली. म्हणून मी तिच्याशी बोलतच होते. सिग्नल लागला, सुटला, कुत्रं आडवं गेलं, सगळं सांगत होते. मामांसारखीच हळू चालवत होते. मागून हॉर्न वाजत होते. वाजवा म्हटलं, आमच्याकडं काच सामान आहे.

प्रयोगशाळेच्या फाटकात ठकू उभीच होती, पांढऱ्या कोटात, केस जाळीत बांधलेले. मी उतरले, मागचं दार उघडलं, सीट फिरवली. बाळाचं तोंड दारातून बाहेर आलं, आईकडे. ठकूचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं आणि बटणाकडे बघायला लागले. टक.

“आई, हिचा एक मोजा कुठंय?”

खरंच, एक पाय उघडा होता. पाच बोटं वाटाण्यासारखी. “असेल इथंच. तू जा, भूक लागलीय तिला. मी शोधते.”

ती गेली. मी मागच्या सीटवर बसून शोधायला लागले. खाली नाही, पायाशी नाही. मग बैठकीच्या कडेला, काजाच्या तोंडाशी पिवळी लोकर दिसली. मी दोन बोटं आत घातली. मोजा बोटांना लागला आणि आणखी आत घसरला. पुन्हा घातली. आता नुसतं टोक दिसत होतं, मग तेही दिसेना.

माझ्या पिशवीत दाभण आणि दोऱ्याचं रीळ कायम असतं. दाभणाने मोजा सहज बाहेर ओढता आला असता. मी पिशवी उघडली. दाभण हातात घेतलं. सांदीकडे बघत थोडा वेळ बसले. ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ रस्त्यापर्यंत चालत गेले होते, ते आठवलं. खिशावर हात ठेवून चालले होते. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदाच वाटलं, त्यांचं काही हरवलं नव्हतं, सांदीनं जपून ठेवलं होतं.

मी दाभण परत रिळात खोचून ठेवलं आणि पिशवीची चेन लावली. रिकामी सीट दाराकडे फिरवून ठेवली आणि दोघी येईपर्यंत तिच्या शेजारी बसून राहिले.